प्रतिभाचं स्टिअरिंग

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. प्रतिभाला तर नाहीच नाही. मित्र आहेत तसे, पण ते दुकानात येतात ते प्रिंटर अडकला म्हणून, आणि अडकलेला कागद निघाला की चहा पिऊन जातात. त्यांना मध्येच थांबवून असलं काही सांगायचं म्हणजे— कसं सांगायचं? तुम्ही मला ओळखत नाही. त्यामुळे तुमच्याशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

आधीच सांगून ठेवतो, ऐकायला ही गोष्ट फार किरकोळ आहे. हिच्यात कोणी मरत नाही, कोणी कोणाला लुबाडत नाही. संगणकावरचा गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ, त्याला जोडायचं स्टिअरिंग, आणि पडद्यावरच्या दोन पट्ट्या. त्या माऊसनं सरकवायच्या असतात. एवढंच. तुम्हाला हसू येईल. मलाही कधीतरी येईल असं वाटलं होतं, पण अजून आलेलं नाही.

मंगरुळपीरला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. प्रतिभा, माझी बायको, इंझोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचं माहेर आसेगावचं. आम्हाला एक मुलगी, मिनू. ती आता कॉलेजात जाते, पण ज्या दिवसांबद्दल मी बोलतोय तेव्हा प्राथमिक शाळेत होती. बस, एवढीच माणसं. आणि हो, एक जुनी छोटी चारचाकी. ती मी चालवतो. चालवतो म्हणजे— लायसनच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो, आणि गाडी घरी आणली त्याच आठवड्यात कोंबड्या चुकवताना थेट नालीत घातली होती. नालीतून ती बाहेर काढायला सगळी गल्ली जमली होती. तेव्हापासून मी गाडी चालवतो ती नवीन सून सासूसमोर चालते तशी.

तर ते स्टिअरिंग. बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना त्याच्या खोलीतला पसारा तसाच टाकून गेला. शेठजींचा संगणक मी वर्षानुवर्षं बघत आलोय. ते म्हणाले, एक खोकं आहे, त्यात चाक आहे, आमच्या काही कामाचं नाही, घेऊन जा. खोक्यात खरंच चाक होतं. काळं, रबराच्या मुठीचं, खऱ्या गाडीच्या स्टिअरिंगपेक्षा थोडं लहान. खाली पायात ठेवायचे तीन पेडल. मी ते घरी आणलं तेव्हा लहान पोरासारखा हरखलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाजेच्या गोष्टी पुढे आहेत.

ते बसवायला मला कितीतरी संध्याकाळी लागल्या. चाक मिनूच्या अभ्यासाच्या टेबलाला पकडीनं घट्ट आवळलं. पेडल मात्र फरशीवर ठरेनात. ब्रेक दाबला की अख्खं खटलं भिंतीपर्यंत घसरत जायचं आणि खेळातली गाडी तोवर झाडावर. शेवटी जेवायला बसायचा एक जुना पाट काढला, पेडल त्याच्यावर स्क्रूनं बसवले आणि पाटाच्या मागे आईचं जातं सरकवून ठेवलं. मग हललं नाही. नंतर संगणकाची ओळख: चाक पूर्ण डावीकडे फिरवा, पूर्ण उजवीकडे फिरवा, प्रत्येक पेडल शेवटपर्यंत दाबून सोडा. म्हणजे त्याला कळतं की तुमचं थोडं म्हणजे किती आणि पूर्ण म्हणजे किती. त्यानंतर बारीक जुळवाजुळव. मला हे काम आवडतं. मी माणसांशी बोलण्यापेक्षा असल्या पट्ट्या सरकवण्यात बरा आहे.

आणि मग मी खेळायला लागलो. खऱ्या रस्त्यावर जो माणूस बैलगाडीच्या मागे हॉर्न न वाजवता चालत राहतो, तो तिथं— काय सांगू तुम्हाला. ठोकत होतो, पलट्या मारत होतो, पण घाबरत नव्हतो. घरात माझं असं एक ठिकाण झालं होतं. माझं चाक, माझा पाट, माझं जातं. बायकोनं चहा आणून ठेवायचा आणि दारात उभं राहून हसायचं. बघा, मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. येतोय.

एका रविवारी दुपारी ती दारात नुसती उभी राहिली नाही. पदर खोचत आत आली आणि म्हणाली, "सरका बरं. मी पाह्यतो बसून."

मी सरकलो. मजा म्हणूनच. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा ते चाक आपलं आपण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गरकन फिरलं. ते सुरू होताना तसं फिरतंच. ती दचकली, "याच्यात कोन बसलं आता?" मग तिनं चाकाला हात लावला आणि तो कपाळाला लावला, आपण कुठल्याही गाडीत बसताना लावतो तसा. प्लास्टिकच्या चाकाला. मी हसलो. ती हसली नाही.

दिवे हिरवे झाले. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत सुटल्या, आणि ही जागेवरच.

"अगं, चालव ना."

"जाऊ द्या त्यायले," ती म्हणाली, "त्यायले घाई आहे."

मग तिनं हळूच गाडी काढली. पहिल्या वळणाच्या आधी वेग कमी केला. वळणावर हॉर्न वाजवला. शर्यतीत! थोड्या वेळानं, मान न वळवता, तिनं विचारलं, "इथं सारे उजव्या बाजूनं जातेत काय?" शर्यत भर रहदारीच्या रस्त्यावर, खेळातला देश परका, रस्त्याची बाजू उलटी. मला ते अंगवळणी पडायला कितीतरी दिवस लागले होते. मी सवयीनं डावीकडे घुसायचो आणि समोरून येणाऱ्या गाड्यांवर आदळायचो. तिनं एकदा विचारलं आणि झालं. ती सगळ्यात शेवटी आली. पण गाडीवर एक ओरखडा नव्हता.

दुसऱ्या फेरीत ती जरा मोकळी झाली. तिसऱ्या फेरीत तिनं दोन गाड्या मागे टाकल्या, अगदी शिस्तीत, बाजूनं, जणू बाजारातून वाट काढत चालली आहे. तिचे खांदे सैल होते. माझे तिथं बसल्यावर कानापर्यंत चढतात. मिनू बाजूला उभी होती. ती म्हणाली, "आई, तू एकदाही नाही ठोकली," आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. पोरीच्या मनात काही नव्हतं. नुसतं बघितलं.

प्रतिभानं हात खाली घेतले, माझ्याकडे वळून अगदी खुशीत म्हणाली, "सोपं आहे हो हे. मी उगीच भेत होती इतके दिवस."

सोपं. तुम्हाला कधी असं झालंय का, की आपल्या माणसानं आनंदानं काही बोलावं आणि ते आपल्याला थेट लागावं? आणि लागलं हे दाखवताही येऊ नये? मी म्हणालो, वा, छान. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. गाडीचा क्लास लावायचा. "पह्यले इथं हात बसू द्या जरा. मंग लावतो."

हे तिच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. इंझोरीची शाळा म्हणजे सकाळी एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं, मग मिळेल ते. ऑटो, कोणाची तरी दुचाकी, नाहीतर पाय. स्वतः स्कूटी चालवावी तर तिच्या पाठीचं दुखणं जुनं, खड्ड्यातनं ते सोसत नाही. आसेगावला आई एकटी, भाऊ शेजारी असला तरी आईला लेक लागते. त्यामुळे तिचा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी वेळेवर अवलंबून. एसटीच्या, ऑटोवाल्याच्या, माझ्या. तिनं कधी तक्रार केली नाही. पण त्या रविवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना ती एकटीच बोलत होती— शाळेतून निघालं की परस्पर आईकडे जाता येईल, मिनूला क्लासवरून घेता येईल, उन्हाळ्यात फाट्यावर उभं राहायला नको. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो.

आणि मला काय वाटलं? हेवा वाटला. बायकोचा. त्याहून काहीतरी वाईटही वाटलं, त्याला मी बरीच वर्षं नाव दिलं नव्हतं. ही उद्या खरी गाडी चालवेल, आणि माझ्यापेक्षा चांगली चालवेल, आणि गल्लीला ते दिसेल. नालीतून गाडी काढायला आलेल्या त्याच गल्लीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. ती शाळेत, मिनू शाळेत. खिडकीतून ऊन की-बोर्डवर पडलं होतं. मी जेवलो, हात धुतले, आणि संगणक सुरू केला. त्या खेळात प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, आपापल्या जुळवणीसकट. मी तिच्या नावाचं खातं केलं. तिचा फोटोही लावला, मिनूच्या वाढदिवसाचा, त्यात ती छान दिसते. मग जुळवणीचं पान उघडलं. तिथं एक पट्टी असते, डेड झोन म्हणतात तिला. म्हणजे चाक किंवा पेडल किती हलेपर्यंत संगणकानं लक्ष द्यायचं नाही, ते तिथं ठरवायचं. जुनी चाकं थरथरतात म्हणून ती सोय असते. चाकाची पट्टी मी थोडी पुढे सरकवली. आता तिनं थोडं वळवलं तर गाडीला कळणारच नव्हतं. आणखी वळवलं की एकदम कळणार. ब्रेकची पट्टी बरीच पुढे सरकवली. पेडल अर्ध्याच्या खाली जाईपर्यंत काहीच होणार नाही.

सेव्ह केलं. दुकानात गेलो. रागात नव्हतो, हे लक्षात घ्या. उलट हलकं वाटत होतं. संध्याकाळी परत नीट करून टाकू, असंही मनात म्हणालो. गंमत आहे, असं म्हणालो. माणूस स्वतःशी किती सहज बोलतो, नाही?

संध्याकाळी तिला दाखवलं. पडद्यावर तिचं नाव आलं, प्रतिभा, बाजूला फोटो. ती इतकी खूश झाली. "एवढं कायले केलं?" म्हणाली, आणि पडद्याचा फोटो काढून आसेगावला भावाला पाठवला. मग पदर खोचला, चाकाला हात लावून कपाळाला लावला, आणि बसली.

पहिल्याच वळणावर ठोकली. हसली. दुसऱ्यांदा ठोकली. तिसऱ्यांदा तिनं गाडी उभी केली, पायाकडे बघितलं, पेडल दोनदा दाबून पाहिलं आणि मला म्हणाली—

"अहो, ब्रेक लागून नाही राह्यला याचा."

इथं थांबतो जरा. कारण एवढा वेळ मी ज्या गोष्टीभोवती फिरतोय ती पट्ट्यांची गोष्ट नाहीच. पट्ट्या सरकवणं एक दुपारचा हलकटपणा होता. तो त्या क्षणी संपवता आला असता. तिनं दोष बरोबर ओळखला होता. यंत्रात काय बिघडलंय ते तिनं माझ्या दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा लवकर सांगितलं होतं. मी नुसतं "थांब, बघतो" म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "लागतो की. तुझाच पाय उशिरा पडतो."

हे मी केलं. सांगायचं होतं ते हे.

तिनं विश्वास ठेवला. लगेच नाही. "काल तं बरा लागत होता," असं म्हणाली. मग मी म्हणालो, काल पहिला दिवस होता, नशिबानं जमलं, सरक, दाखवतो. आणि माझ्या खात्यावर जाऊन मी दाखवलं. माझ्या खात्यावर सगळं जागच्या जागी होतं. ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. बल्ब जातो तसं नाही, हळूहळू. मग ती म्हणाली, "हो. माह्याच पायाचं आहे."

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ती बसली. सोडून द्यायची तिची जात नाही. शाळेतून यायची, हातपाय धुवायची, स्वयंपाकाला लागायच्या आधी थोडा वेळ चाकावर. आणि मी शिकवायचो. तिच्या मागे उभा राहून, माझे हात तिच्या हातांवर ठेवून. हळू, हळू, आता वळव, आता दाब. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि खडूचा वास यायचा. ती ठोकायची, आणि मी म्हणायचो, असू दे, होतं असं. एकदाही आवाज चढवला नाही. तिला पाणी आणून द्यायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतका वेळ इतक्या जवळ आम्ही कधी बोललो नव्हतो. ती मला विचारायची, मी सांगायचो.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. मला त्या संध्याकाळी फार आवडल्या. पट्ट्या परत सरकवायला मी विसरलो नव्हतो. मला त्या सरकवायच्या नव्हत्या. ती चुकली की माझ्याकडे वळून बघायची, आणि त्या बघण्यात मी मोठा होतो. मी तिच्यावर खरंच प्रेम करत होतो, त्याच संध्याकाळी, त्याच टेबलाशी. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आत एकाच वेळी कशा राहतात ते मला विचारू नका. राहतात.

एका संध्याकाळी तिनं चाक सोडलं. पदरानं पुसलं, दोन्ही मुठी, मधला भाग, नीट. आणि म्हणाली, "जाऊ द्या. माह्या हातातच नाही ते."

तिचा भाऊ संजू म्हणाला होता की आमच्या शेतरस्त्यावर गाडी शिकवतो, मोकळी जागा आहे, कोणी बघायला नाही. त्याला तिनं फोनवर सांगितलं, "नको रे. घरी मशीनवर करून पाह्यलं. मशीनच सांगते ना मंग, नाही जमत म्हणून." माणसानं सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या माणसाला विचारलं असतं. मशीनला काय विचारणार? रक्ताच्या रिपोर्टसारखं तिनं ते मान्य केलं. क्लासचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

मग वर्षं गेली. मी तिला फाट्यावर सोडायला लागलो, शक्य तेव्हा थेट शाळेपर्यंत. दुकान उशिरा उघडायचं, हरकत नाही. आसेगावला मी न्यायचो. इंझोरीत बाया म्हणतात, नवरा पाह्यजे तं मास्तरीणबाईंचा आहे तसा. माझी बहीण तिच्या नवऱ्याला माझं उदाहरण देते. आणि मी ते ऐकून घेतो, मान खाली घालून, लोकांना वाटतं विनयानं.

दसऱ्याला ती गाडीची पूजा करते, मिक्सरची करते, माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्याची करते, आणि दर वर्षी त्या चाकालाही हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवते. मी एकदा म्हणालो, त्याला कशाला, कोणी वापरत नाही आता. ती म्हणाली, "तुमची हौस आहे ना ती." फूल दोन दिवस तिथं वाळत असतं आणि मी त्या खोलीत जायचं टाळतो.

हे असंच चाललं असतं. पण यंदा तिला केंद्रप्रमुख व्हायला विचारलं. म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या शाळांवर लक्ष ठेवायचं, शिक्षकांना मदत करायची, सतत फिरायचं. तिच्यासारखी त्या कामाला दुसरी नाही, हे तिच्या शाळेतली पोरंही सांगतील. मुलं कुठं अडतात ते तिला दारातून दिसतं. तिनं दोन दिवस घेतले. मग नाही म्हणाली. मी का म्हणून विचारलं. विचारायची हिंमत कशी झाली मला?

"रोज चार गावं फिरा लागतेत. मले गाडी येत नाही. तुमाले किती फिरवू?"

तिच्या जागी ज्यांना नेमलं ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांना गाडी येते.

त्याच महिन्यात तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. मला बोलावलं होतं. मी मागे, हातात आलुबोंड्याची प्लेट घेऊन. प्रतिभा बोलायला उभी राहिली. मुख्याध्यापकांनी नवीन शिक्षकांना किती धीरानं शिकवलं ते सांगत होती, आणि बोलता बोलता म्हणाली की धीरानं शिकवणं काय असतं ते मी माझ्या घरी पाहिलं आहे. आमच्या यांनी मला गाडी शिकवायचा किती प्रयत्न केला, एकदाही चिडले नाहीत. शिकणाऱ्यातच नसेल तर शिकवणारा काय करणार? सगळे हसले, माझ्याकडे वळून बघून टाळ्या वाजवल्या. मी हसलो. प्लेट खाली ठेवायला जागा दिसेना, म्हणून धरून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खात्यातल्या दोन्ही पट्ट्या मागे आणल्या. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. संध्याकाळी तिला म्हटलं, बस बरं एकदा. "आता या वयात कायले?" पण बसली, माझ्यासाठी. आणि काय झालं माहीत आहे? पहिल्याच वळणाला तिनं चाक गरकन फिरवलं आणि ब्रेक सगळा जोर लावून दाबला, जसं तिला तेव्हा करावं लागायचं तसं. ती खोटी जुळवणी तिच्या हातापायांनी अजून जपून ठेवली होती. गाडी जागच्या जागी भोवरा झाली आणि भिंतीवर गेली. ती उठली, हसली, माझ्या दंडावर थोपटलं. "पाह्यलं ना?" म्हणाली, आणि आत गेली.

तेव्हा सांगता आलं असतं. मी तिच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत गेलोही. ती कोथिंबीर निवडत होती. ती चिडेल याची मला भीती नाही. चिडली तर बरंच. पण तिला त्या संध्याकाळी आठवतील. माझे हात तिच्या हातांवर होते त्या. त्या तिच्या आवडीच्या आहेत, मला माहीत आहे, ती कधी कधी त्यांच्याबद्दल बोलते. मी बोललो की त्या तशा राहणार नाहीत. हे मी कारण म्हणून सांगत नाही. याला भित्रेपणा म्हणतात. मी पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

परवा आम्ही आसेगावला निघालो होतो, तिच्या आईला बरं नाही म्हणून. मी गाडी चालवत होतो. गाव यायच्या आधी गोठ्यांच्या बाजूनं एक आडवी गल्ली रस्त्याला मिळते, आणि तिथून एक शेळी एकदम रस्त्यावर आली. मी पाहिलं, ब्रेक दाबला, गाडी थांबली. शेळी निघून गेली. पण मी ब्रेक दाबायच्या आधी मला शेजारून आवाज आला होता. चप्पल गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आपटल्याचा. प्रतिभाचा उजवा पाय.

ती मिनूशी फोनवर बोलत होती. तिचं तिलाही कळलं नाही. मग मी लक्ष ठेवलं. गतिरोधक आला, तिचा पाय पडला, मग माझा. समोरचा ट्रॅक्टर हळू झाला, तिचा पाय पडला, मग माझा. वळणावर, पुलावर, बसस्टँडच्या गर्दीत. दर वेळी वेळेवर, दर वेळी माझ्या आधी. आणि ती आपली फोनवर, आईसाठी कोणती औषधं आणायची ते बोलत होती.

ती डावीकडे बसते. तिथं ब्रेक नाही.